कमी पैशात सफाईची संस्था चालवायची कशी: पुण्यातल्या नवीन मंडळींसाठी

गेल्या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या ग्रुपमधल्या लोकांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. आमचं सफाईचं काम चांगलं चाललं होतं, एक कंपनी पैसे देत होती, ती थांबली, आता टेम्पोचं भाडं पण निघत नाही, मग बंद करायचं का. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. आमच्यावर ही वेळ येऊन गेलीय. तीन वर्षांचा करार संपला, कंपनीने पुढच्या वर्षी विषयच बदलला, आम्हाला ते कळलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आणि एप्रिलचा पगार समोर उभा. त्या वर्षी जे केलं, आणि जे आधीच करायला हवं होतं असं आता वाटतं, ते सगळं यात आहे. संस्था नोंदवलेली नसेल, नुसता सोसायटीतला आठ-दहा जणांचा ग्रुप असेल तरी पहिले सहा मुद्दे तुमच्या कामाचे आहेत.

१. आधी वही उघडा

मागच्या १२ महिन्यांचा खर्च काढा आणि दोन रकाने करा. एकात असा खर्च जो थांबला तर काम थांबतं, म्हणजे ताईंचं (आपल्याकडे पगारावर सफाई करणाऱ्या बायकांचं) मानधन, टेम्पो, हातमोजे, पोती, शेडचं भाडं, सीएची फी. दुसऱ्यात पैसे होते म्हणून सुरू झालेला खर्च, म्हणजे टी-शर्ट, फ्लेक्स, ड्रोनने केलेला व्हिडिओ, पाहुण्यांची सन्मानचिन्हं, नाश्त्याची पाकिटं. आमच्या वहीत टी-शर्टचा आकडा वर्षभराच्या हातमोज्यांपेक्षा मोठा निघाला होता, आणि ते टी-शर्ट घालून एकदाच आलेली माणसं पुन्हा कधी दिसली नव्हती.

दुसरा रकाना सगळा त्याच दिवशी बंद करा. एकेक करत हळूहळू नको, कारण मग प्रत्येक गोष्टीवर मीटिंग होते आणि प्रत्येक वेळी कुणीतरी दुखावतं.

मग हातात किती पैसे आहेत ते बघा, पण त्यातले मोकळे किती आणि बांधलेले किती हे वेगळं लिहा. एखाद्याने कंपोस्टच्या टाक्यांसाठी म्हणून दिलेले पैसे पगाराला वापरले तर पुढे हिशोब देताना फार जड जातं, आणि देणाऱ्याचा विश्वास गेला की परत येत नाही. अगदीच गरज असेल तर त्या देणगीदाराला फोन करा, परिस्थिती सांगा आणि वापर बदलायला लेखी परवानगी मागा. आम्ही दोघांना विचारलं, दोघांनीही हो म्हणून मेल पाठवला.

मोकळ्या पैशाला महिन्याच्या पहिल्या रकान्याने भागा. जो आकडा येईल तेवढे महिने तुमच्याकडे आहेत. हा आकडा ताईंना, ड्रायव्हरला, सगळ्यांना सांगा, लपवू नका.

२. जागा कमी करा, खेपा कमी करू नका

या सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. पैसे कमी झाले की बहुतेक ग्रुप काय करतात, तर आठच्या आठ जागा ठेवतात आणि दर रविवारऐवजी दोन महिन्यांनी एकदा जातात. त्याने आठही जागा पुन्हा होत्या तशा होतात आणि येणाऱ्या माणसांना वाटायला लागतं की काही उपयोगच नाही. आम्ही आठाच्या तीन केल्या, पाच जागा सोडताना फार वाईट वाटलं, पण तीन जागांवर आठवड्याला जात राहिलो आणि त्यातल्या दोन आज खरंच स्वच्छ आहेत.

जागा निवडताना टेकडी, नदीकाठ, ओढा आणि रस्त्याकडेचा क्रॉनिक स्पॉट यात फरक करा. महापालिकेची माणसं क्रॉनिक स्पॉट कशाला म्हणतात, तर जिथे लोक रोज ठरलेल्या सवयीने कचरा टाकतात. टेकडीवर एकदा झाडून काढलं तर काही आठवडे बरं राहतं. नदीकाठाचं तसं नाही, पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरल्यावर काठच्या झाडांना माणसाच्या उंचीपर्यंत पिशव्यांच्या चिंध्या लटकलेल्या दिसतात, त्या वरून वाहत आलेल्या असतात, तुम्ही काठ कितीही झाडला तरी. म्हणून नदीसाठी वर्षातून दोन मोठ्या मोहिमा, पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि पाऊस संपल्यावर, एवढंच ठेवा.

ओढा मात्र सोडू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा काय झालं ते सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीतल्या कुणालाही विचारा. पाऊस प्रचंड होताच, पण अतिक्रमणं, राडारोडा आणि कचरा यांनी पाण्याची वाट पण अडवलेली होती. एप्रिल-मेमध्ये आपल्या भागातल्या एका पुलाखालची मोरी मोकळी ठेवणं हे दहा टेकड्या झाडण्यापेक्षा जास्त गरजेचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे, फोटो तितके छान येत नाहीत एवढंच.

आणि क्रॉनिक स्पॉटबद्दल जरा सविस्तर सांगते कारण पैसे न लागता सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. आमच्या एका स्पॉटवर आम्ही सलग अडीच महिने दर रविवारी उचलत होतो आणि मंगळवारी तो पुन्हा भरलेला. मग आमच्यातले दोन काका सकाळी साडेसहाला आणि रात्री दहाला नुसते जाऊन बसायला लागले, कुणाला काही न बोलता, फक्त बघायला. चार दिवसांत कळलं की टाकणारे बहुतेक समोरच्या दोन चाळींतले आणि भाड्याच्या खोल्यांमधले लोक आहेत, नवरा-बायको दोघंही सातच्या आत कामाला जातात, आणि कचरा घ्यायला येणाऱ्या ताई पोचतात नऊ वाजता. घरात दिवसभर ओला कचरा ठेवायला जागा नाही, मग जाता जाता तिथे. आम्ही महापालिकेच्या मुकादमांशी आणि त्या ताईंशी बोललो, त्यांनी त्या दोन इमारती आधी घ्यायला सुरुवात केली, पावणेसातला. ज्यांना तेही जमत नव्हतं त्यांच्यासाठी जिन्याखाली झाकणाचा डबा ठेवला. एक महिना रोज सकाळी कुणीतरी उभं राहिलं, जागा धुऊन तिथे रांगोळी काढली, कुंड्या ठेवल्या. खर्च एका डब्याचा. तुमच्या स्पॉटवर कारण वेगळं असेल, कदाचित हातगाडीवाले असतील, कदाचित रात्री टेम्पोतून येऊन टाकणारं हॉटेल असेल, पण ते कारण बसून बघितल्याशिवाय कळत नाही.

३. आरोग्य कोठी आणि परवानग्या

पुण्यात प्रत्येक भागाला आरोग्य कोठी असते, म्हणजे महापालिकेच्या सफाई कामगारांची हजेरीची जागा, तिथे मुकादम असतात, वर आरोग्य निरीक्षक आणि त्यांच्या वर क्षेत्रीय कार्यालय. नवीन लोक थेट आयुक्तांना मेल करतात, तसं करू नका. आधी कोठीवर जा, सकाळी लवकर, हजेरीच्या वेळेला, स्वतः, आणि नमस्कार करून सांगा की आम्ही अमुक जागेवर दर रविवारी येणार आहोत, तुमच्या कामात अडथळा नको म्हणून विचारायला आलो. नंतर क्षेत्रीय कार्यालयात रीतसर पत्र द्या आणि प्रतीवर आवक-जावकचा शिक्का घ्या, तो शिक्का असलेला कागद रविवारी खिशात ठेवा.

टेकड्यांचा बराचसा भाग वनविभागाकडे आहे, तिथे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि झाडझुडूप तोडायचं नाही, कोरडं गवत पण नाही. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत कॅन्टोन्मेंट बोर्ड, आणि पवनेच्या बाजूला गेलात तर पिंपरी-चिंचवड महापालिका वेगळी. हद्दीवरच्या जागा नवीन ग्रुपने घेऊच नयेत, दोन कार्यालयांमध्ये फिरण्यातच वर्ष जातं.

कोठीला गुरुवारपर्यंत कळवा की रविवारी किती पोती निघतील, आणि गाडी किती वाजता येईल ते पक्कं करा. हे केलं नाही तर काय होतं ते आम्ही बघितलंय, ७० पोती रस्त्याकडेला लावून आम्ही घरी गेलो आणि रात्रीतून कुत्र्यांनी फाडून सगळा कचरा पुन्हा रस्त्यावर, वर रहिवाशांची बोलणी आम्हालाच. तेव्हापासून पोती उचलून जाईपर्यंत आमच्यातली दोन माणसं थांबतातच.

४. सामान

हातमोजे वापरून फेकायचे पातळ घेऊ नका, रबर किंवा नायट्राइलचा थर दिलेले कापडी घ्या, साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवले की कितीतरी महिने चालतात. बोहरी आळीत डझनाच्या भावात मिळतात, तिथेच लांब चिमटे, दाताळी, घमेली, फावडी. आधी वीस जणांपुरतंच घ्या. चाळीस आले तर निम्मे उचलतील, निम्मे वर्गीकरण करतील आणि लोकांशी बोलतील, सगळ्यांच्या हातात चिमटा असण्याची गरज नसते.

काळ्या कचरा-पिशव्यांवर एक रुपया घालवू नका. मार्केट यार्डात धान्याच्या, साखरेच्या दुकानांत रिकामी पोती मिळतात, आपल्या वाण्याला आधी सांगून ठेवलं तर तो पण बाजूला ठेवतो. पोती मजबूत असतात, फाटत नाहीत, आणि रिकामी करून परत वापरता येतात. पाण्यासाठी २० लिटरचा एक जार आणि ज्याने त्याने आपली बाटली आणायची, हे निरोपातच लिहा. सफाईच्या ठिकाणी कागदी कपात चहा वाटू नका, त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, घरून स्टीलचे पेले आणा.

प्रथमोपचाराची पेटी कापायच्या रकान्यात कधीच टाकायची नाही. नियमित येणाऱ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. आणि तुमच्याबरोबर पगारावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बँक खात्याला प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजना जोडून घ्या, वर्षाला २० रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण, वय १८ ते ७०. हप्ता १ जूनच्या आसपास खात्यातून कापला जातो, मेअखेर खात्यात तेवढे पैसे आहेत ना ते तुम्ही स्वतः विचारा.

५. रविवारची सकाळ

थंडीत सात, उन्हाळ्यात साडेसहा, आणि दोन तास पुरे. तीन तास ठेवलं की पुढच्या वेळी माणसं निम्मी येतात.

सुरुवातीला पाच मिनिटं सगळ्यांना उभं करून सांगायचं की कशाला हात लावायचा नाही. सुया, सलाईनच्या नळ्या, औषधाच्या फुटलेल्या बाटल्या दिसल्या तर तिथे काठी रोवून ठेवा आणि कोठीला कळवा. डायपर आणि पॅड चिमट्यानेच, वेगळ्या पोत्यात, त्यावर लाल ठिपका करा म्हणजे पुढे हाताळणाऱ्याला उघडायच्या आधी कळतं. मेलेलं जनावर असेल तर कोठीला फोन. राडारोड्याला अजिबात हात घालायचा नाही, विटा-काँक्रीटची वीस घमेली भरण्यात सगळी सकाळ जाते, पाठी धरतात आणि टेम्पो एका खेपेत संपतो, त्याचा फोटो काढून तक्रार नोंदवायची. टेकडीवर आणि ओढ्याकाठी जुना ढीग असेल तर आधी काठीने हलवा, खाली साप किंवा विंचू असू शकतो. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याची सूचना असेल तर नदीपात्रात कुणीही उतरायचं नाही, कितीही उत्साह असला तरी.

एक गोष्ट पहिल्या वेळी सगळ्यांना अडवते ती म्हणजे देवाच्या तसबिरी. पिंपळाखाली, पुलाच्या कठड्यापाशी लोक जुन्या तसबिरी, पोथ्या, निर्माल्याच्या पिशव्या ठेवून जातात आणि आपल्या स्वयंसेवकांनाही त्याला हात लावायला जड जातं, ते साहजिक आहे. आधीच ठरवून ठेवा कोण करणार. आमच्याकडे एक आजी आहेत, त्या हात जोडतात, चित्र चौकटीतून काढून वेगळ्या स्वच्छ पिशवीत ठेवतात, मग काच, लाकूड, पत्रा वेगळं. फुलं प्लास्टिकमधून मोकळी करून खतात. त्यांनी ते केलं की बाकीचे पण करतात.

पाला जाळायचा नाही, कुणी जाळत असेल तर थांबवायचं. पुण्यात ब्राउन लीफ नावाचं काम सुरू झालं तेच मुळी याच्यासाठी, ज्यांच्याकडे पाला जास्त झालाय आणि ज्यांना बागेसाठी पाला हवाय त्यांना एकमेकांशी जोडून द्यायचं. तुमच्या भागात गच्चीवर बाग करणारी चार माणसं नक्की असतील, त्यांना पोती न्यायला बोलवा.

६. माल कुठे जाणार

नवीन ग्रुपची सगळ्यात मोठी समजूत म्हणजे कचरा गोळा करू, रिसायकलिंगला विकू आणि त्यातून खर्च निघेल. निघत नाही. एक लिटरच्या पाण्याच्या साधारण ४० ते ५० रिकाम्या बाटल्या मिळून एक किलो भरतो, आणि त्या किलोला जे मिळतं त्यात दोन कटिंग येतील की नाही शंका. त्यातून नदीकाठचा माल चिखलाने भरलेला, ओला, उन्हाने कुजलेला, त्याला भंगारवाले काका हात पण लावत नाहीत. वेफर्सची, गुटख्याची पाकिटं म्हणजे ज्याला एमएलपी म्हणतात, त्यात प्लास्टिक आणि चकचकीत थर चिकटवलेले असतात, ते सुटे करता येत नाहीत म्हणून त्याला भाव नाही, सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून किंवा अशाच एखाद्या प्रक्रियेला जातं. थर्माकोल वजनाला काहीच नाही आणि टेम्पो मात्र भरतो.

विकला जाणारा माल असतो तो घरातला, कोरडा, वेगळा ठेवलेला. पुठ्ठा, रद्दी, पेट बाटल्या, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, कडक प्लास्टिक, पत्रा, अ‍ॅल्युमिनियम, अख्ख्या काचेच्या बाटल्या. आणि इथेच थांबून विचार करायचा, की हा माल आत्ता कुणाचा आहे.

पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्यातून स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली, २००८ मध्ये तिचा महापालिकेबरोबर करार झाला, ती कचरावेचकांच्याच मालकीची आहे आणि दारोदार कचरा गोळा करण्याचं शहरातलं फार मोठं काम तिच्या सभासद करतात, बहुतेक सगळ्या बायका. त्यांचं उत्पन्न दोन ठिकाणांहून येतं, घरटी मिळणारी फी आणि सुका कचरा विकून मिळणारे पैसे. आता तुम्ही चांगल्या मनाने सोसायटीत जाहीर केलं की पुठ्ठा आणि बाटल्या आम्हाला द्या, आम्ही रिसायकल करू, तर त्या महिन्यात त्या ताईंच्या घरात कमी पैसे जातात. आम्ही पहिल्या वर्षी हे केलं. कुणाला काढून घ्यायचं नव्हतं, आम्हाला ते सुचलंच नव्हतं, पण एका ताईंनी शांतपणे विचारलं की मॅडम, मग आमच्याकडे काय राहिलं, ओलं? तो प्रश्न मी विसरलेले नाही.

म्हणून आमचा नियम असा. ज्याला भाव आहे तो माल त्या भागातल्या ताईंचाच, सफाईत सापडलेलाही त्यांनाच. ज्याला भाव नाही किंवा जो त्यांना वाहून नेणं परवडत नाही, तो आम्ही गोळा करतो, म्हणजे एमएलपी, थर्माकोल, जुने कपडे, चपला, मोडके फर्निचर, ई-कचरा. स्वतः सगळं करायची गरज नाही, स्वच्छचं व्ही-कलेक्ट नावाचं संकलन असतं, त्यात अशाच जुन्या वस्तू घेतल्या जातात, ते तुमच्या सोसायटीत लावून द्या. ई-कचरा कुणी उघडायचा नाही, बॅटऱ्या वेगळ्या, आणि फक्त अधिकृत केंद्रालाच देऊन पावती घ्यायची. गणपतीनंतर शाडूची माती परत गोळा करून मूर्तिकारांना देणारी पुनरावर्तन मोहीम असते, तिचं संकलन केंद्र व्हायला एक कोपरा आणि दोन टब लागतात.

ताईंना वर्गीकरणासाठी बोलावलंत तर त्या कामाचे वेगळे पैसे द्या, माल मिळतोय ना म्हणून फुकट नको. आणि त्यांच्याकडून शिका. कुठलं प्लास्टिक कुठल्या ढिगात हे त्या नुसत्या आवाजावरून, हातात दाबून सांगतात, आमच्या इंजिनिअर पोरांना ते यायला सहा महिने लागले.

प्रत्येक खेपेला वजन करा आणि वहीत लिहा. तारीख, जागा, किती माणसं, कुठल्या प्रकारचं किती किलो, कुठे गेलं, पावती नंबर. साधा लटकता काटा पुरतो. पुढे पैसे मागायला जाल तेव्हा हीच वही कामाला येणार आहे.

७. माणसं

पगार कमी पडणार हे दिसलं की पगार लांबवू नका, कामाचे दिवस कमी करा आणि ते महिनाभर आधी सांगा. सहा दिवसांचं काम चार दिवसांवर आलं तर ताई उरलेले दोन दिवस दुसरीकडे लावून घेतात, पण दोन महिने पगार थकला तर दुकानदार उधारी बंद करतो आणि मुलांची फी राहते. दिवसाचा दर मात्र कमी करायचा नाही, किमान वेतनाच्या खाली तर कधीच नाही. आमच्याकडे शेवटच्या टप्प्यात ऑफिस सोडलं, कागदपत्रं एका कार्यकर्त्याच्या घरी एका कपाटात आली, समन्वयक म्हणून मी निम्म्या मानधनावर गेले, पण ताईंचा दर तोच राहिला.

स्वयंसेवकांसाठी कॉलेजच्या एनएसएसकडे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेकडे जा. त्या मुलांना वर्षाला १२० तास असे दोन वर्षांत २४० तास पूर्ण करायचे असतात, आणि कार्यक्रम अधिकारी चांगल्या कामाच्या शोधात असतात. जुलैमध्ये, वर्ष सुरू होतानाच भेटा. एकदम शंभर मुलं मागू नका, पंधरा मुलं सहा महिने द्या म्हणा. समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य असतं, वजनाच्या नोंदी आणि घरोघरचं सर्वेक्षण ते फार नीट करतात. आणि टेकडीवर रोज फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी, ही पुण्याची खरी ताकद आहे, पाऊस असो थंडी असो ती येतातच. त्यांना रोज येता-जाता एकेक पिशवी भरून खाली आणायला सांगा, रविवारची मोहीम निम्मी होते.

८. पैसे कुठून

एका मोठ्या देणगीदाराच्या जागी दुसरा मोठा शोधत बसू नका, निदान पहिल्या वर्षी. आधी आसपासच्या सोसायट्या. दहा सोसायट्यांनी महिन्याला थोडेथोडे दिले तर टेम्पो आणि दोन ताईंचे दिवस निघतात. सोसायटीला बदल्यात काहीतरी ठोस द्या, महिन्यातून एकदा नको असलेल्या वस्तूंचं संकलन, किंवा त्यांचं बंद पडलेलं कंपोस्ट चालू करून देणं. गांडूळखत प्रकल्प चालू असेल तर महापालिकेच्या मिळकतकरात ५ टक्के सवलत असते, सौर ऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण पण असेल तर एकूण १० टक्के, हे अनेक चेअरमनना माहीत असतं पण प्रकल्प खरंच चालू ठेवायला माणूस नसतो. तिथे तुम्ही या.

कंपन्या एका शनिवारी पन्नास कर्मचारी घेऊन सफाईला येतो म्हणतात. जरूर बोलवा, पण माणशी शुल्क घ्या, आणि आधीच स्पष्ट सांगा. त्यात हातमोजे, टेम्पो, ताईंचे पैसे आणि तुमच्या समन्वयाचा वेळ सगळं आलं पाहिजे. सुरुवातीला मला मागायला संकोच वाटायचा. एका कंपनीच्या अशा दिवसानंतर आमच्याच खिशातून टेम्पोचे पैसे गेले, तेव्हापासून वाटत नाही.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी, मागायला जाणार असाल तर वर्षभराचा प्रकल्प लिहा. कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो, पण एका दिवसाचे सोहळे त्यात धरत नाहीत, ही केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाची भूमिका २०१४ पासूनची आहे. २०२१ पासून संस्थेने त्याच मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी केलेली असावी लागते. प्रस्तावात वजनाच्या वहीचे आकडे द्या, आणि ताईंचं मानधन प्रकल्पाचा खर्च म्हणून पूर्ण दाखवा, कमी दाखवून नंतर भरून काढू असं होत नाही. ज्या दिवशी करार होईल त्याच दिवशी तो संपल्यावर काय, हे लिहून ठेवा. आम्ही ते केलं नव्हतं.

आणि पुण्यात दर दुसऱ्या घरातला मुलगा नाहीतर मुलगी बाहेर असते, ते पैसे पाठवायला तयार असतात, तिथे काळजी घ्या. भारतीय पासपोर्ट असेल, ग्रीन कार्डवर असला तरी, आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, पासपोर्टची प्रत मागून ठेवा. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र संस्थेला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) परवाना लागतो, ओळखीचा मुलगा असला तरी घेऊ नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता पण येत नाही, म्हणून मोठ्या संस्थेकडून छोट्यांना जो निधी यायचा ती वाट बंद झालीय.

९. कागद

विश्वस्त संस्था असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. ऑडिट वेळेत. करसवलतीची नोंदणी मुदतीची असते, संपायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. २००० रुपयांच्या वर रोख देणगीला देणाऱ्याला सवलत मिळत नाही, म्हणून यूपीआय किंवा चेकच मागा. सीएची फी वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

१०. वर्ष कसं लावायचं

एप्रिल-मे ओढा आणि मोरी. जून-जुलैमध्ये पालख्या शहरात येतात, तेव्हा आपल्या रस्त्यावरच्या एखाद्या मंडळाला आधी भेटून वाटपासाठी स्टीलची ताटं-पेले मिळवून द्या, नंतर पत्रावळ्या उचलण्यापेक्षा ते सोपं. ऑगस्ट-सप्टेंबर निर्माल्य आणि शाडू. पाऊस थांबला की नदीकाठ. घराघरातली आवराआवर असते दिवाळीच्या आधी, जुने कपडे, वायरी, मिक्सर, गाद्या सगळं त्या पंधरा दिवसांत बाहेर येतं, वर्षातलं सगळ्यात मोठं संकलन तेच. टेम्पोवाल्या दादांना मात्र दसऱ्याच्या आत सांगून थोडे पैसे हातावर ठेवा, दिवाळीच्या आठवड्यात छोटा हत्ती कुठेच मिळत नाही.